पिंडीपुढच्या दोन चिठ्ठ्या

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

दिग्रसला आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात दर श्रावणी सोमवारी मी प्रवचन करतो. विषय ठरलेला — शिवाचं स्वातंत्र्य. शिव कुणालाच बांधील नाही. आपल्याच मर्जीनं तो स्वतःला विसरतो, जीव होतो, आणि मर्जी झाली की स्वतःला ओळखतो. त्याचीच इच्छा, आखडलेली का होईना, प्रत्येकात असते. लोक माना डोलावतात. मला बोलता चांगलं येतं — तेच तर वाईट झालं.

सुमन माझी धाकटी बहीण. बारावीनंतर यवतमाळला नर्सिंगला तिचा नंबर लागला. आई अंथरुणाला खिळलेली, वडील नव्हते. सुमन गेली तर आईचं कोण करणार? मी, आणि नुकतीच घरात आलेली माझी बायको. 'जाऊ नको' म्हणालो असतो तरी ती थांबली असती. पण वाईटपणा घ्यायची छाती कुठं होती? म्हणालो, महादेवालाच विचारू.

आमच्याकडे अडलं की पिंडीपुढं दोन चिठ्ठ्या ठेवतात — एक 'हो', एक 'नाही'. लिहिल्या मीच. सुमननं डोळे मिटून एक उचलली. 'नाही'. दुसरी मी घाईघाईनं निर्माल्यात टाकली. तिच्यावर — तिच्यावरही 'नाही'च होतं.

ज्याला कुणी बांधू शकत नाही असं मी घसा ताणून सांगतो, त्याला दोन कागदांत बांधलं मी. आणि तिलाही. सुमननं सात वर्षं आईचं सगळं केलं. आई गेली तोवर कॉलेजचं वय गेलं, लग्नही जमलं नाही. आता शिवणकाम करते. गल्लीत कुणाला ताप आला की न बोलावता उशाशी जाऊन बसते. प्रवचनाला पहिल्या ओळीत असते. तिच्याकडे न बघता बोलायची मला सवय झाली आहे.

गेल्या सोमवारी प्रसाद घेताना ती म्हणाली, "दादा, तवा मले महादेवाचा लय राग आलता. आता नाही येत. त्याची मर्जी — तो काय कोनाले बांधील हाये?"

इतकी वर्षं ती रागावली, ती त्याच्यावर. माफही तिनं त्यालाच केलं.

मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या बाईकडे वळलो.