लताचा फॉर्म आणि गरम कोंड्याचा वास

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई. तीच मी आज हे लिहून राहिली, म्हणजे किती दिवस पोटात ठेवलं असेल ते समजून घ्या.

आमचं गाव सौंदड, गोंदिया जिल्ह्यातलं. आमचे हे राइस मिलमध्ये मशीन चालवायचे. घरी आले की बाह्यांतून तांदळाचा कोंडा गळायचा. मी रोज दारातच ओरडायची, "अवो, शर्ट झटका आधी!" २०१० मध्ये ते गेले, मिलही मागोमाग बंद पडली. लॅपटॉप आला त्यानंतर दोन वर्षांनी... भाच्यानं नवाकोरा घेऊन दिला. ह्यांचा हात त्याला कधी लागलाच नाही.

२०१३ ची गोष्ट. माझी एकुलती पोरगी लता नर्सच्या जागेचा फॉर्म भरत होती. वयाच्या अटीत बसायचं तिचं शेवटचं वर्ष. दाखला हातात आला शेवटच्या दिवशी दुपारी, अन् साइट पाचला बंद होणार. साडेचारला कीबोर्डची बटनं रुसली. एक अक्षर उमटे, तीन गायब. भाच्याला फोन लावला. "मावशी, बंद करून चालू करा. उलटा धरून हलकेच झटका. ब्रश मारा." सगळं केलं! दोन मिनिटं चाले, पुन्हा ठप्प. तालुक्याला, सडक अर्जुनीच्या नेट कॅफेत पोचायला वेळच नव्हता. लता तीच तीच बटनं दाबत होती. "माय, गेला वो माझा फॉर्म..."

तेवढ्यात वास आला. मशीनमधून आत्ताच पडलेल्या, गरम कोंड्याचा. लतानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. अन् बटनं चालायला लागली — भराभर! पत्ता उतरला, मार्क उतरले... आणि इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, शर्ट झटका आधी!"

वास गेला. बटनं मेली.

"काऊन बोलली वो तू?" लता रडकुंडीला आली. पाचला सात मिनिटं कमी. मी बाजूची खुर्ची ओढली अन् रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "बसा. तसेच बसा. काही म्हणत नाही मी."

वास परत आला, बटनं चालली, अन् पाचला दोन कमी असताना फॉर्म जमा झाला.

मग भीतीनं तो लॅपटॉप चालूच केला नाही. दोन दिवसांनी गोंदियाला दुरुस्तीला नेला. कारागिरानं कीबोर्ड उचकटला, तर टेबलावर चमचाभर कोंडा सांडला.

"काकी, राइस मिल में चलाते थे क्या इसको?"

मी बोट लावून पाहिलं... कोमट होता.

लताला नोकरी लागली. भाचा म्हणतो, घरात धान असते, उडून गेला असेल कोंडा. असेलही. पण दोन दिवस बंद ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये तो कोमट कसा? ती खुर्ची अजून टेबलाजवळच आहे. कुणी बसायला आलं तर मी दुसरी देते.