एकच पान, तीन फोनवर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात तीन मोबाइल कंपन्यांचं भांडण पेटलं. कंपन्यांची खरी नावं कुणी घेतच नव्हतं. एक माझ्या नवऱ्याची कंपनी, एक मुलीची, एक भुसावळला राहणाऱ्या माझ्या भावाची. ज्याच्या हातात जो फोन, तो त्या कंपनीचा वकील. फोन घ्यायचा होता माझ्या वडिलांना, म्हणजे बापूंना, आणि त्यांना मात्र कुणी काही विचारत नव्हतं. त्यात मीही आलेच.

बापू नेपानगरच्या पेपर मिलमध्ये कागद तपासायला होते. वर्तमानपत्राचा कागद मशीनवरून उतरला की त्याचा तुकडा उजेडाकडे धरायचा, दोन बोटांत चोळायचा आणि पास की नापास ते सांगायचं. उभा जन्म त्यात गेला. आई गेल्यावर ते बुऱ्हाणपूरला माझ्याकडे आले, ते एक पेटी आणि पेपर वाचायचं वेड घेऊन. एक मराठी पेपर, एक हिंदी, दोन्ही पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. टेंडरच्या नोटिसासुद्धा सोडायचे नाहीत. आणि त्या उन्हाळ्याआधीच्या दिवाळीत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भागच गेला. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदलून आता फरक पडणार नाही, अक्षर मोठं आणि ठळक असेल तर मात्र दिसेल. तेव्हापासून रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवायची.

वाचून दाखवायची म्हणजे काय, गॅसवर दूध, हातात पेपर आणि एक डोळा घड्याळावर. मथळा वाचला की मी पुढच्या बातमीवर उडी मारायची. बापू विचारायचे, ‘पुढे?’ मी म्हणायची, पुढे काही नाही. ‘चार कॉलमची बातमी आणि पुढे काही नाही?’ मग मी चिडायची. माझा स्वभावच तसा आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, ‘बाई, तू वाचतेस त्यातून मला पेपर कळत नाही, तुला सवड किती आहे तेवढं कळतं. मला माझं मी वाचायचंय.’

बापूंनी कधी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी इंदूरला शिकणाऱ्या मुलीला फोन लावला. बापू तिचे नाना. ती म्हणाली, ‘मम्मी, नानांना स्मार्टफोन घेऊन दे ना. दोन्ही पेपर मोबाइलवर येतात, बोटांनी अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. इतनी सी बात है.’ बापूंकडे तोवर बटणांचा डबडा फोन होता, तोही फक्त उचलायला आणि ठेवायला.

इतनी सी बात म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले. मुलगी म्हणे, प्रोसेसर बघ. नवरा म्हणे, बॅटरी बघ, माझा दोन दिवस चालतो. भावाचा फोन सगळ्यात महाग, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यात मोठा. ‘ताई, एकदाच घे पण नंबर एक घे,’ असं तो रोज सांगायचा. मी मुलीच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमधलं एक पान फाडलं आणि आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला. कॅमेरा, रॅम, स्टोरेज, वजन. रोज दुपारी व्हिडिओ बघायची. ते व्हिडिओवाले फोन पाण्यात बुडवतात, जमिनीवर आपटतात आणि शेवटी सांगतात की तिन्ही चांगले आहेत. मला खरं सांगायचं तर इतकी मजा माझ्या लग्नाच्या साड्या निवडतानाही आली नव्हती. सांध्यातलं दुखणंसुद्धा विसरले होते.

शेवटी एका रविवारी आम्ही शनवारा भागातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. मी, नवरा आणि बापू. बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानदाराने तिन्ही कंपन्यांचे फोन काचेवर मांडले आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. ‘बाबूजी, देखिए, चाँद का फोटो आता है.’ बापू म्हणाले, ‘चाँद का क्या करना है? हमको पेपर पढ़ना है.’

मी माझा तक्ता उघडला. बापूंनी तो हाताने बाजूला सारला, रागाने नाही, समोरची वाटी सारावी तसा. म्हणाले, ‘तिन्हींवर एकच पान लाव. आजचं, पहिलं.’ दुकानदाराने तिन्ही फोनवर हिंदी पेपरचं पहिलं पान लावलं. बापूंनी पहिला फोन उचलला आणि सरळ दुकानाच्या बाहेर निघाले. दुकानदार मागे धावला, ‘बाबूजी, बाहर मत ले जाइए,’ त्याच्यामागे माझा नवरा, त्याच्यामागे मी. बाहेर मे महिन्याचं ऊन. बापू पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी फोन उन्हाकडे वर धरला, मिलमध्ये कागदाचा तुकडा धरायचे तसाच. मला हसू आवरेना. म्हटलं, ‘बापू, हा कागद नाही, याच्या आरपार काही दिसत नाही.’ ते म्हणाले, ‘मला आरपार बघायचंच नाहीये. ऊन पडल्यावर अक्षर उडतं का ते बघतोय.’

दुकानदार धावायचा थांबला. मग तोच आत जाऊन उरलेले दोन फोन घेऊन आला आणि बापूंच्या शेजारी उभा राहिला.

पाऊण तास ती तपासणी चालली. उन्हात, सावलीत, आतल्या ट्यूबलाइटखाली. फोन तिरका करून, मान तिरकी करून, कारण त्यांना आता डोळ्याच्या कडेनेच दिसतं. पान पुढे सरकवायला ते जिभेला बोट लावायचे, ओल्या बोटाने पान भलतीकडेच पळायचं, दुकानदार काच पुसून परत द्यायचा. भावाची कंपनी पहिल्यांदा बाद झाली. बापू म्हणाले, ‘पांढरं फार आहे, डोळ्यात घुसतं. इतक्या पांढऱ्यावर बातमी कोण छापतं?’ नवऱ्याच्या कंपनीचं वजन जास्त, हात दुखेल म्हणाले. राहिली मुलीची. दुकानदाराने त्यात कसलंसं बटण दाबलं आणि पडदा जरासा पिवळट, मळकट झाला. वाचनासाठी असतं म्हणे. मग अक्षर वाढवलं, इतकं की एका ओळीत तीनच शब्द मावले. बापूंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला.

‘शाई पसरत नाहीये,’ ते म्हणाले. आणि मग मोठ्याने वाचायला लागले. ‘जिले में... केले की... कटाई...’

एक एक शब्द, मध्ये थांबत, पण स्वतः. सात महिन्यांनी. मी त्या भर बाजारात तोंडावर पदर धरून रडले आणि हसले, दोन्ही एकदम. नवऱ्याने स्वतःच्या कंपनीचा पराभव विसरून दुकानदाराशी हात मिळवला. दुकानदार म्हणाला की अशा पद्धतीने फोन तपासणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, आणि पिशवीत घालायला निघाला, तर बापूंनी फोन खिशात टाकला आणि रिकामा डबा मला दिला.

पुढचे आठ दिवस घरात सणासारखे गेले. मुलगी शनिवार-रविवार खास आली आणि नानांना सगळं शिकवून गेली. बोट सुकं ठेवायचं, अक्षर मोठं कसं करायचं आणि कॅलेंडर दाबून मागच्या तारखेचा पेपर कसा काढायचा. हे शेवटचं ऐकून बापू खुर्चीत सरळच बसले. ‘म्हणजे राहिलेले पेपर वाचता येतील?’ मुलगी म्हणाली, ‘हो नाना, सब है अंदर.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दिवाळीपासूनचे पेपर काढले. क्रमाने. रोज पाच-सहा दिवसांचे. मी भाजी चिरत असायची आणि ते बाहेरून ओरडून सांगायचे, ‘अगं, तू म्हणालीस पुलाची बातमी एवढीच आहे, इथे अर्धं पान आहे.’ बापूंच्या आवाजात इतका उत्साह मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मला मात्र घाम फुटला होता. कारण संक्रांतीनंतरच्या एका पेपरात काय आहे ते मला माहीत होतं. उठावन्याच्या, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेच्या जाहिराती येतात त्या पानावर चांदनी गावच्या काकांचा फोटो होता. बापूंच्या शेजारच्या टेबलावर बसून तितकीच वर्षं कागद तपासणारा त्यांचा जोडीदार. त्याआधी एकदा मिलमधल्या दुसऱ्या एका माणसाच्या निधनाची बातमी मी वाचून दाखवली होती, तेव्हा बापू दोन दिवस जेवले नव्हते. मी घाबरले होते. म्हणून त्या सकाळी ते पान मी उलटलं आणि ‘पुढे काही नाही’ म्हणाले. मिलच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते कळलं असणार, पण बापू त्यात कुठे होते? पुढे सांगू, बरं वाटल्यावर सांगू, असं करता करता महिने निघून गेले. ‘जुने पेपर कशाला वाचता बापू, आजचा वाचा,’ असं मी दोनदा सुचवून पाहिलं. ते ऐकायचे थोडेच.

दोन आठवडे झाले असतील, एका दुपारी बाहेरचा आवाज बंद झाला. मी गेले. फोन त्यांच्या मांडीवर होता, फोटो पडदाभर मोठा केलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, ‘हे पान तू वाचलं होतंस?’ मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘सगळा पेपर मी याच्यासाठी मागत होतो बाई.’ मी माफी मागितली, कारणं सांगितली, मग कारणं सांगितल्याबद्दल परत माफी मागितली. त्यांनी फोन बंद केला आणि म्हणाले, ‘उद्या दारावर जाऊन, वहिनींना भेटून येऊ.’

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही चांदनीला गेलो. काकूंनी आम्हाला पाहिलं आणि ओट्यावरच बसून घेतलं. बापू त्यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडून. दारात काकूंची सून होती, शेजारच्या दोघी होत्या. काकू म्हणाल्या, ‘मी सगळ्यांना सांगत होते भाऊ, तुम्हाला कळलंच नसेल. कळलं असतं तर तुम्ही आला नसता असं झालंच नसतं. पण तुमच्या घरी पेपर येतो ना, कुणी वाचून दाखवलं नाही का?’

मी पुढे झाले. म्हटलं, आता सांगून टाकते, शिव्या खायच्या त्या खाते. बापूंनी माझं मनगट धरलं, घट्ट.

‘वाचून दाखवत होती वहिनी,’ बापू म्हणाले. ‘रोज दाखवत होती. मलाच नीट ऐकू आलं नसेल.’