व्याह्यांपेक्षा कमी युनिट

भगवानरावांच्या घरात प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा एक माप मोठी यायची. कुलर खिडकीत मावेना, म्हणून खिडकी फोडली. फ्रीज दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. माणसाला हौस असावी, पण घरही उभं राहावं, असं त्यांच्या पत्नीचं, कुसुमबाईंचं मत होतं. ते त्यांनी तीस वर्षं मनातच जपून ठेवलं होतं.

त्यामुळे पाथरीच्या व्याह्यांनी घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवल्याचं कळलं, तेव्हाच कुसुमबाईंना आपल्या गच्चीची काळजी लागली. वालूरच्या त्यांच्या घराला गच्ची एकच. दर उन्हाळ्यात तिथं कुरडया, सांडगे, पापड्या वाळायच्या आणि पार पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचायच्या. अख्ख्या घरात कुसुमबाईंना विचारल्याशिवाय काही हलत नसे, अशी तेवढी एकच जागा.

परभणीहून सोलरवाला योगीराज आला. बिलं चाळून म्हणाला, "काका, तुमचा वापर महिन्याला नव्वद युनिटच्या आसपास हाय. एक किलोवॅट लय झालं. टाकीच्या पलीकडं दोन पॅनल, बस्स."

भगवानरावांचा चेहरा दहावीला नापास झाल्यासारखा पडला. "नव्वदच? आन् व्याह्यांचे?"

"त्यांचे तीनशेवर जातेत."

"मंग आमी काय अंधारात बसायलोत का? तीनच बसवा."

"तीनला अख्खी गच्ची जाईल, काका. जेवढा वापर तेवढंच सोलर घ्यावं. पुढच्या बिलात वापर वाढला तर बघू."

हे शेवटचं वाक्य योगीराज सहज बोलला, उठायचं म्हणून. भगवानरावांनी ते गृहपाठ म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून बनियनलासुद्धा इस्त्री होऊ लागली. रिकाम्या खोलीत कुलर फिरू लागला. बाहेर चैत्राचं ऊन भाजत असताना भगवानराव गीझरच्या कढत पाण्यानं अंघोळ करायचे आणि घामाघूम होऊन कुलरपुढं बसायचे. असे दोन्हीकडचे युनिट पदरात पडायचे. लाईट गेली की मात्र जीव खालीवर. "आता हा खाडा कसा भरून काढावा?"

"अहो, वीज वाचवायला सोलर घ्यायलाव ना तुमी?" कुसुमबाईंनी एकदा विचारलंच.

"आधी जाळावी लागतीय, मंग वाचवायची. तुला न्हाई कळायचं."

कुसुमबाई बी.ए. होत्या. त्यांना खरंच कळलं नाही.

त्यांनी वाद घातला नाही. लेकीची, अर्पिताची खुशाली विचारायला म्हणून पाथरीला विहीणबाईंना, बबिताताईंना फोन लावला. नवऱ्यालाही ऐकू जावं इतका फोनचा आवाज मोठा ठेवला. खुशाली झाली, मग सोलरचा विषय निघाला.

"दोन एसी, पिठाची गिरणी, तीन किलोवॅट आमाला पुरना," बबिताताई सांगत होत्या. "पण विहीणबाई, गच्चीवर पाय ठेवायला जागा न्हाई राहिली बघा. यंदा कुरडया घालाव्या कुठं? तुमची गच्ची मोकळी हाय म्हणं. येऊ का?"

कुसुमबाईंनी फोन नवऱ्यापुढं धरला. "यांनाच विचारा. गच्चीचं तेच ठरवायलेत."

व्याह्यांच्या घराला यांच्या घरातली एखादी वस्तू हवी असं लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. भगवानरावांची छाती फुगली. "या की! हक्काची गच्ची हाय तुमची. पाहिजे तेवढं वाळवा!"

आपली गच्ची आपल्याला न विचारता विहिणीला देऊन टाकली, हे कुसुमबाईंच्या ध्यानात आलं. पण विहिणीकडं गेलेली गच्ची उन्हाळा सरला की परत मिळते. सोलरखाली गेलेली पंचवीस वर्षं मिळत नाही.

नवं बिल आलं, तसा योगीराजही आला. आकडा बघून चाट पडला. "अडीचशे? काका, आता तीन किलोवॅट बसतंय!"

"छे! एकच बसवा. टाकीच्या पलीकडं," भगवानराव म्हणाले. "गच्चीवर पाथरीचे पाहुणे यायलेत."

"गच्चीवर? आन् ते का? एवढ्या मोठ्या घरात जागा न्हाई व्हय?"

भगवानराव या अडाणी प्रश्नावर हसले आणि रिकाम्या खोलीतला कुलर बंद करायला उठले. कुसुमबाई आत गहू भिजत घालायला गेल्या. यंदा दोन घरांचे भिजवायचे होते.