जाताना म्हटलेलं ‘येते’

हिवाळ्यात बाहेर पळणाऱ्यांना लोक वेडे म्हणतात. म्हणोत. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होते तेव्हा मलाही सगळे वेडीच म्हणायचे. खिडकीवर गारा तडतडत असताना मी बुटाच्या नाड्या आवळायला बसले की नवरा म्हणायचा, “यार, आज तरी कॅन्सल कर ना. ट्रेडमिल काय कपडे वाळत घालायला घेतलीय?” मुलगी सिरियल खाता खाता, मानही वर न करता म्हणायची, “यू आर क्रेझी, आई.” मी नागपूरहून आईने विणून पाठवलेली तपकिरी माकडटोपी डोक्यात कोंबायची आणि दार आपटून बाहेर पडायची.

दार आपटायची, कारण मला राग यायचा. तेव्हा कशाचाही यायचा. नागपूरला मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. तिथे नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, त्यामुळे नोकरी करायची परवानगीच नाही. भांडी घासताना माझ्या हातून कप फुटायचे, आणि ते सगळेच काही निसटलेले नसायचे. बाहेर पडलं की वारा सटासट थोबाडात मारायचा, पापण्यांवर पाणी गोठायचं, श्वास घेतला की छातीत सुरी फिरायची. आणि मला बरं वाटायचं. कुणीतरी उघडपणे माझ्याशी मारामारी करत होतं आणि मला उलटून मारता येत होतं. या वेडाचं याहून खरं कारण मला तरी माहीत नाही.

असाच राग असलेल्या आणखी एकजण आमच्या रस्त्याच्या टोकाला राहायच्या. साठी ओलांडलेल्या, उंच, हाडकुळ्या अमेरिकन. जन्मभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. शाळेतल्या शिक्षिकेला आपण बाई म्हणतो, म्हणून माझ्या मनात त्या बाईच झाल्या. नवरा गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून पळते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोज सकाळी कालव्याकाठच्या वाटेने आम्ही लाकडी पुलापर्यंत पळत जायचो आणि परत यायचो. वाऱ्याला त्या इंग्रजीत शिव्या घालायच्या, मी मराठीत.

त्यांच्या दाराशी निरोप घेताना मी म्हणायची, “ओके, आय ॲम कमिंग!” आणि वळून घरी चालू लागायची. आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. लहानपणी मी एकदा म्हटलं, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की तो शब्द पुन्हा तोंडातून निघाला नाही. ‘येते’ म्हणायचं. ते इंग्रजीतही माझ्याबरोबर आलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बाई मात्र दार उघडं धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. मला वाटायचं, अमेरिकन रीत असेल.

एका फेब्रुवारीत पाऊस पडता पडता गोठला. सकाळी प्रत्येक फांदीवर काच चढली होती. नवरा दारात आडवा उभा राहिला, मी त्याला खांद्याने ढकलून बाहेर पडले. बाई कोपऱ्यावर आधीच पाय आपटत उभ्या होत्या. कालव्याकाठी आम्ही पळत कसल्या, घसरतच होतो. दोन्ही बाजूंनी झाडं कडाकड मोडत होती आणि बाई झाडांवर ओरडत होत्या, “बस्स? एवढंच?” मला हसू आवरेना.

तेवढ्यात वर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर बाई दिसेचनात, नुसती फांदी दिसली. मांडीएवढी जाड, बर्फाने मढलेली, आणि तिच्याखाली बाईंचा पाय. नडगीचं हाड पॅन्ट फाडून बाहेर आलं होतं. बर्फावर रक्त पसरत होतं आणि त्यातून वाफ निघत होती. मी फांदी ओढली, उचलली, तिला लाथा घातल्या. नखं उलटली, पण ती तसूभर हलली नाही. फोन दोघींचेही घरी होते. पळताना कोण फोन नेत होतं तेव्हा! मी मफलर काढला, त्यांच्या गुडघ्याच्या वर बांधला आणि जीव खाऊन आवळला. बाईंनी किंचाळून माझ्या कानाखाली वाजवली. मग मात्र त्यांचे डोळे फिरायला लागले. मी माकडटोपी काढून त्यांच्या डोक्यात चढवली.

“झोपू नका! आय ॲम कमिंग!” मी ओरडले आणि रस्त्याच्या दिशेने धावत सुटले.

पहिल्याच घराच्या दारावर मी मुठी आपटल्या. पडदा हलला. दार उघडलं नाही. रक्ताने माखलेली, केस पिंजारलेली परकी बाई दाराशी किंचाळतेय म्हटल्यावर कोण उघडणार? पण तेव्हा एवढी समजूत कुठली असायला. पायरीवरची मातीची कुंडी उचलली आणि खिडकीतून आत भिरकावली. काच खळ्ळकन फुटली. आतून एक धिप्पाड माणूस बेसबॉलची बॅट उगारून बाहेर आला. मी ती बॅट दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या तोंडावर ओरडले, “माझी बाई मरतेय तिकडे!” चक्क मराठीत. त्याने माझे हात पाहिले, मी दाखवत होते तिकडे पाहिलं, आणि बॅट खाली केली. बायकोला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगून तो सपातांवरच करवत घेऊन माझ्याबरोबर धावला. वाटभर एकच म्हणत होता, असल्या हवेत कुठले वेडे पळायला येतात?

माझ्या डोक्यात मात्र एकच होतं: बाईंचे डोळे मिटले असतील.

मिटले नव्हते. ओठ निळे पडले होते, पण त्या मुठीने फांदीवर ठोसे मारत होत्या. मला पाहताच त्यांनी अशी शिवी हासडली की तो माणूसही चपापला. मी तिथेच बर्फात बसून हमसून हमसून रडले.

हॉस्पिटलमध्ये पायात सळई घातल्यावर बाईंनी पहिलं काय केलं असेल, तर मला झापलं. “तू म्हणालीस, येतेय. आणि पाठ फिरवून पळालीस! येतेय म्हणजे काय? जात होतीस ना तू! मला इतका संताप आला. डोळे मिटत होते, पण म्हटलं, ही परत येईपर्यंत मरायचं नाही. आधी हिचं इंग्रजी दुरुस्त करायचं.”

मी हसले, रडले, आणि मग त्यांना ‘येते’ समजावून सांगितलं. जाणारं माणूस परत येणार, हे जातानाच बोलून ठेवायचं. बाईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला.

“मग मागे राहणारा काय म्हणतो?”

“ये.”

“ये,” त्यांनी म्हणून पाहिलं.

त्या पुन्हा पळणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं. मीही पळणं सोडलं. कालव्याकडे पाय वळलेच नाहीत. घरात सगळे खूश होते. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या गारा वाजल्या तेव्हा मी बूट मांडीवर घेऊन नुसतीच बसले होते. फोन वाजला. बाई होत्या.

“मी पोर्चवर बसलेय. गारठून मेले तर तुझ्या डोक्यावर.”

धावतच गेले. बाई खुर्चीत, काठी मांडीवर, डोक्यात माझी तपकिरी माकडटोपी.

“वेड लागलंय का तुम्हाला? आत चला आधी!” मी ओरडले.

त्यांनी काठी कठड्यावर फाडकन आपटली. “त्या बर्फात मी तुझी वाट बघत जिवंत राहिले. आता मला तेवढंच करता येतं. पण वाट बघायची तर कुणीतरी गेलेलं असावं लागतं ना!”

मला राग आला, त्यांचा, त्या फांदीचा, सगळ्याचा. मी खाली बसून नाड्या आवळल्या.

“येते,” मी म्हणाले.

“ये!” बाई खेकसल्या.

गारा तोंडावर सपासप बसत होत्या. मोठमोठ्याने शिव्या घालत मी पुलापर्यंत गेले, त्या झाडाखालून गेले, आणि परत आले. बाई अजून बाहेरच बसल्या होत्या.