एक वाजून दहा मिनिटे

मुलांनो, आर्वीहून येताना एसटीत शेजारच्या माणसाने रुमालाने पुसून लॅपटॉप उघडला. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी तो संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, होते त्या क्षणी जसेच्या तसे गोठवून सांभाळत असे. पडद्यावर उघडलेला हा गोठवलेला संगणक त्याच्या वारलेल्या धाकट्या भावाचा होता. अर्धवट कामाखाली भावाने लिहिले होते, 'जेवून येतो.' आतल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

तो माणूस भावाचा हा संगणक रोज उघडायचा आणि काही सेव्ह न करता बंद करायचा.

"असं का?"

"सेव्ह केलं तं त्याची घडी पुढं सरकन, मावशी."

माझा थांबा आला. उठताना तोंडून निघून गेले, "मग जेवला का तो?"

त्याने पडद्यावरचे घड्याळ पाहिले. "आत्ताच तं उठून गेला."

बाहेर संध्याकाळ झाली होती, तरी मी मान डोलावली.