मधली पट्टी

पट्टी सापडली ती सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, कापायच्या फळीखाली. करंगळीएवढी रुंद, वीतभर लांब, चाकूच्या बाकाप्रमाणे वळवून कापलेली. चष्मेवाल्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली आणि उलटसुलट करून पाहिली. ही पट्टी या वेळी मुलीच्या कमरेवरच्या म्यानात शिवलेली असायला हवी होती.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारे. बत्तीस वर्षं हेच काम. केसाएवढी चूक माणसाचं डोकं उठवते, हे ते नव्या गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. दुकानातून आले की मात्र खिडकीजवळच्या टेबलावर जाड चामडं, आरी, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा यायचा. चाकूंची म्यानं करायचा त्यांना नाद होता. कोणी मागत नसे, तरी करायचे. एका म्यानाला आठ दिवस, कधी दहा. बायको म्हणायची, घरात सुऱ्या चार आणि म्यानं एकोणीस. हत्यारांपेक्षा पांघरुणंच जास्त झाली.

मुलगी लहानपणी त्या टेबलापाशी बसून उरलेल्या तुकड्यांशी खेळायची. चढण्याची हौस म्हणून तिला ते खार म्हणत. ती खरोखरच झाडांवर चढायची नोकरी धरेल, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ती दोराला लटकून जुन्या झाडांना विळखा घातलेल्या वेली कापायची. ‘माणसानं जमिनीवर राहावं,’ एवढं एकदा बोलून त्यांनी तो विषयच टाकला होता. तीन वर्षं तिच्या कामाची चौकशी त्यांनी केली नव्हती, तिनंही काही सांगितलं नव्हतं.

आणि परवा तिनं आपला बाकदार चाकू त्यांच्यापुढे ठेवला. कंपनीचं प्लास्टिकचं म्यान फार खडखडतं, म्हणाली; बाबा, याला नीट घर करून दे. गुरुवारपासून वरचं काम तिच्या एकटीवर सोपवणार होते, त्याआधी हवं होतं. चष्मेवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. आठ दिवसांचं काम त्यांनी दोन संध्याकाळींत उरकलं. काल तिला झाडावर चढायचे पट्टे चढवून उभं केलं, कमरेवर जागा आखली. दोर इथून जातो बघ, असं तिनं बोटानं दाखवलंही होतं. म्यान बरोबर त्याच्या शेजारी बसत होतं.

म्यान म्हणजे चामड्याचे दोन पदर, कडेला शिवलेले. चाकूची धार त्या शिवणीवरच येते, म्हणून मध्ये तिसरी पट्टी घालतात. धार पट्टीला लागते, दोरा वाचतो. पट्टी नसेल, तर चाकू दर वेळी आत जाताना आपल्याच घराचे टाके कापतो. काल पट्टीची कड जराशी तासायची म्हणून त्यांनी ती बाहेर काढली, एवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली. जेवून आले, चिकटवायचं सोल्यूशन लावलं, दोन्ही पदर दाबले आणि मुलीच्या कौतुकाच्या गप्पा मारत शिवत सुटले.

फोन लावला. बंद. वर चढताना फोन बंद करून खाली पिशवीत ठेवते, असं ती कालच म्हणाली होती. बायको मागून ओरडली, “अहो, चपला तरी बदला.” तोवर ते घरातल्या सपातांवर जिना उतरलेही होते.

काल तिनं सांगितलेल्या ग्रंथालयामागच्या बागेत पोचायला वीस मिनिटं लागली. झाडाभोवती फीत बांधलेली, खाली चार-पाच माणसं. वर चाळीस फुटांवर पिवळं शिरस्त्राण. तिचा दोर सांभाळणारा पांढऱ्या मिशांचा माणूस बुंध्याशी उभा होता. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, तसा त्यानं हात आडवा धरला.

“हाक नाही मारायची.”

त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं, मूठ उघडून पट्टी दाखवली. दोरवाल्याचा चेहरा बदलला, पण हात आडवाच राहिला.

“उघडं पातं हातात असताना तिला दचकवलं, तर पट्टी असून नसून सारखंच. चाकू म्यानात गेला की मी शिट्टी देतो. त्याआधी नाही.”

म्हणजे ज्याची भीती, तेच व्हायची वाट बघायची. सकाळपासून चाकू किती वेळा आत गेला असेल, असं त्यांनी विचारलं. दोरवाला म्हणाला, साडेसातला चढली. पंचवीस वेळा तरी. चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात टाके मोजले. टोकाकडचे आधी जाणार. मग टोक बाहेर डोकावणार, तेही दोराच्या अंगाला.

वर ती शांतपणे वेल कापत होती. एक हात फांदीवर, दुसऱ्यात चाकू. मनगटाचा एकच झोक, आणि वेलीचं भेंडोळं सळसळत खाली आलं. एवढं सफाईचं काम चालू होतं आणि बापाला ते धड बघवत नव्हतं. तिनं पातं बाहीला पुसलं. न बघता कमरेकडे नेलं. आत सरकवलं.

शिट्टी वाजली.

तिनं खाली पाहिलं. बाबा दिसताच तिचा चेहरा फुलला, हात हलवत ती खाली वाकू लागली. सगळ्यांच्या देखत चष्मेवाल्यांनी पट्टी डोक्यावर धरली.

“खारे, हलू नकोस. म्यानात पट्टी नाही. मी घालायची विसरलो.”

पट्टी म्हणजे काय, हे तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. हात सावकाश कमरेशी गेला आणि थांबला. मग तिनं चाकू सरळ वर ओढून काढला, बारीक दोरीच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी खाली सोडली. दुसरा दोर फांदीवरून घेतला, पट्ट्यात अडकवला, दोनदा ओढून पाहिला. मगच पहिला सोडला. ती उतरू लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, फांदी नव्हे, आपलीच कंबर तो भार पेलते आहे.

खाली आल्यावर तिनं म्यान उलटं केलं. टोकाचे सहा टाके स्वच्छ कापले गेले होते. पहिल्या दोराची वरची वीण बोटभर पिंजली होती. दोरवाल्यानं त्यावर अंगठा फिरवला आणि दोर गुंडाळून बाजूला टाकला.

चष्मेवाले मान खाली घालून उभे होते. चांगली झापेल, किंवा पुन्हा तीन वर्षं काही बोलणार नाही. न बोलण्याचीच भीती त्यांना जास्त वाटली.

तिनं त्यांच्या मुठीतून पट्टी काढून घेतली. घामानं ओली होऊन ती तळव्याच्या आकारात वळली होती.

“कापलीस मात्र झकास,” ती म्हणाली. “नवीन कधी देशील?”

उद्या, हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता.

“आठ दिवस लागतील.”

“लागू देत. तोवर खडखडतं.”

तिनं पिशवीतून प्लास्टिकचं म्यान काढून कमरेला लावलं, नवा दोर घेतला आणि ती पुन्हा वर गेली. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, तरी चष्मेवाले फितीबाहेरच्या बाकावर बसले. सपातांतून पाय बाहेर येत होते. मान वर करून बघायचा धीर अजून होत नव्हता. पण दर थोड्या वेळानं वरून प्लास्टिकचा खडखडाट यायचा, आणि चाकू घरात गेला, हे त्यांना न बघता कळायचं.