काकांचा चेंडू

मैदानाच्या कठड्यावर शेजारी बसलेले काका बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तेवढ्यात विकेट पडली.

"कसा गेला हो?" त्यांनी विचारलं.

"चेंडू आत आला, ऑफ स्टंप उडाला," मी म्हणालो.

थोड्या वेळाने काका नुकत्याच आलेल्या मित्राला सांगत होते, "काय वळला रे चेंडू, सापासारखा! बॅट्समन नुसता बघत राहिला."

तेव्हापासून मला चैन नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका क्रिकेट साप्ताहिकाचे अंक मी वाचनालयात नेहमी चाळतो. ते खेळाडू कधीच गेले. उरलं ते संपादकाने लिहिलं तेवढंच. त्याने वर्णन केलेले फटके मला डोळ्यांनी पाहिल्यासारखे आठवतात. पण त्याने तरी ते पाहिले होते, की तोही नाडी बांधायला वाकला होता?

आजचा चेंडू तर मी स्वतः पाहिला. तरी डोळे मिटले की काकांचाच वळतो.